कोरं तेल

९ जानेवारी

दादा,

तेलाचा डबा पोचला. हमालानं तो आमच्या तपासणीच्या खोलीच्या दारात असा आदळला की साहेब खुर्चीतून उठून बाहेर आले. पण थेंब सांडला नाही. बूच तू बसवलेलं, निघेल कशाला!

मागच्या पत्रात विचारलंस, "वर्षाला दोन डबे तेल नेतेस, ऑफिसात त्याचं करता तरी काय? तळता?" अरे, हे मी तुला फोनवर कितीदा तरी सांगितलंय. घाण्याच्या खडखडाटानं तुझे कान गेले, त्याला मी काय करू? आता लिहूनच देते, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

आमच्याकडे गिरण्यागिरण्यांतून तेलाचे नमुने येतात. त्यांत विषारी जड धातू किती आहेत ते आम्ही शोधतो. थोडंसं तेल ॲसिडमध्ये घालून बंद भांड्यात तापवायचं, ते पाण्यासारखं नितळ झालं की यंत्राला पाजायचं, यंत्र आकडा सांगतं. पण यंत्र आहे बिनडोक. तेलातला धातू मोजताना ॲसिडमधला, भांड्याला चिकटलेला, सगळाच मोजतं. म्हणून आधी असं एक तेल लावायचं ज्यात काहीच नाही. त्याचा जो आकडा येईल तो बाकी सगळ्यांतून वजा करायचा. दुकानदार आधी रिकामी बरणी तोलून घेतो ना, तसं. त्या तेलाला आम्ही कोरं तेल म्हणतो. ते विकत मिळतं, पण मागवलं की महिनोनमहिने येत नाही. चार वर्षांपूर्वी ते संपलं आणि साहेब हातावर हात धरून बसले. मी म्हटलं, माझ्या भावाच्या घाण्याचं लावून बघू. लावलं, आणि इतकं स्वच्छ निघालं की साहेबांना खरं वाटेना. तेव्हापासून आमचं कोरं तेल म्हणजे तुझं तेल. थोडक्यात, या सगळ्या गिरणीवाल्यांमध्ये तू म्हणजे रिकामी बरणी. रागावू नकोस, हा मान आहे.

एक गंमत सांगते. गेल्या आठवड्यात पुन्हा एक नमुना शून्याच्या खाली गेला. म्हणजे त्यात धातू नाही एवढंच नाही, वर आम्हीच त्याचं काही देणं लागतो! यंत्रवाला येऊन कुठंतरी फुंकर मारून गेला.

आमच्या भाचीबाईंचं, खारूताईचं, पोट दुखायचं थांबलं का? भूक लागते का? वहिनीनं विचारलं होतं, सकाळी ताज्या तेलाचा चमचा देते तो चालू ठेवू का. अवश्य ठेव म्हणावं. आमच्या तपासणीत त्याच्याइतकं शुद्ध तेल दुसरं नाही, हवं तर सही करून देते.

तुझी
बारकी


२३ जानेवारी

बारके,

आशीर्वाद. फुकट आहेत, म्हणून भरपूर घे.

रिकामी बरणी म्हणालीस ते मुनीमजींना वाचून दाखवलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना म्हटलं, हसा, पण मोठमोठ्या गिरण्यांचं तेल आपल्या तेलाशी ताडून बघतात, हे तुमच्या सात पिढ्यांत कोणाच्या नशिबी आलं होतं का?

आणि आपलं तेल शुद्ध का असणार नाही? जुनी लोखंडी टाकी होती तेव्हा तळाशी तांबडा गंज धरायचा, दर हंगामाला आत माणूस उतरवून घासून घ्यावी लागायची. दोन वर्षांपूर्वी ती काढली आणि न गंजणारी टाकी बसवली. तुला कळवायचं राहिलं असेल. या टाकीला गंज म्हणून नाही. तेल तिच्यात कोमट ठेवलं की महिनाभरात गाळ आपोआप बसतो आणि वरचं तेल असं निघतं की खाली ठेवलेली अक्षरं वाचावीत.

खारूताईचं म्हणशील तर पोट दुखतंच. डॉक्टर म्हणाला जंत आहेत. जंताचं औषध झालं. मग म्हणाला रक्त कमी आहे. आता लाल औषध चालू आहे. जरा चिडकी झालीय. बाई शाळेत बोलावून म्हणाल्या, मुलीचं लक्ष नसतं. गेल्या वर्षी जिना चढताना चाळीसपर्यंत मोजायची, आता सातच्या पुढं गाडी अडते. मी बाईंना म्हटलं, मी तिसरीत दोनदा बसलो आणि तरी घाणा चालवतोय. साडेपाच वर्षांच्या पोरीचा एवढा काय हिशेब घेता? ही मंडळी उचलली जीभ लावली टाळ्याला करतात.

वहिनी मात्र काळजी करते. चमच्याच्या वेळी पोरगी पळून जाते, तिला पकडून, नाक दाबून पाजावं लागतं. पण तुझी सही आहे म्हटल्यावर वहिनी एक दिवस चुकू देत नाही.

दादा


११ फेब्रुवारी

दादा,

न गंजणारी टाकी घेतलीस, फार चांगलं केलंस. स्टीलची टाकी म्हणजे काळजीच मिटली. मी साहेबांनाही सांगितलं.

इथं मात्र माझी काळजी वाढलीय. शून्याखाली जाणारे नमुने थांबतच नाहीत. एका म्हाताऱ्या गिरणीवाल्याचं तेल आम्ही दोनदा परत पाठवलं, नमुना सदोष आहे म्हणून. परवा तो स्वतः कॅन घेऊन आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "बाई, माझ्या तेलात काही नाही, हे तुम्हाला पटत का नाही?" मी म्हटलं, काहीच नसणं ठीक आहे काका, पण काहीच नसण्याच्याही खाली कसं जाता येईल? तो म्हणाला, ते तुमच्या यंत्राला विचारा. बोलण्यात चूक नव्हती. मी भांडी बदलली, ॲसिड बदललं, झाडूवालीला उगाच बोलले की धूळ उडवतेस. आता एकेक गोष्ट बाजूला काढून बघणार आहे. कशालाच खात्रीचं धरायचं नाही असं ठरवलंय.

खारूताईची गोष्ट मला आवडली नाही. थट्टा करू नकोस. मूल पुढं जातं, मागं येत नाही. तुझं तिसरीत बसणं वेगळं, तू आयुष्यात कधी चाळीसपर्यंत पोचलाच नव्हतास. तिला मोठ्या दवाखान्यात ने आणि सगळं जंतावर खपवणाऱ्या त्या डॉक्टरला माझ्या नावानं चार शब्द सुनाव.

बारकी


२७ फेब्रुवारी

बारके,

गेल्या आठवड्यात तुझा फोन आला तेव्हा घाणा ऐन रंगात होता. मुनीमजींनी हातवारे करून बोलावलं म्हणून कळलं. तुला सर्दी झाली होती की तू रडत होतीस? आवाज भिजलेला वाटला. सगळं ऐकू आलं नाही, पण मुद्दा कळला. तेल शिशीत, शिशीत असं चार-पाच वेळा ओरडलीस आणि खारूताईला देऊ नको म्हणालीस. मी लगेच हो हो, आजच करतो म्हटलं, आणि शब्द पाळला. पत्र्याच्या डब्याचा वास तेलाला लागतो हे मलाही कधीचं वाटत होतं. त्याच दुपारी बाजारात जाऊन काचेच्या शिश्या आणल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या, वाळवल्या. खारूताईची शिशी वेगळी, निळ्या बुचाची. डब्यातलं तेल तिला आता एक थेंब देत नाही. तुझ्यासाठीही सहा शिश्या पेंढ्यात बांधून आपल्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतोय. फुटल्या तर त्याच्याशी भांड.

तू एवढ्या लांबून तिची काळजी करतेस, बरं वाटतं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पोरीचं वजन उतरलंय. दोनदा ओकली. डॉक्टर म्हणतो अंगात ताकद नाही. म्हणून शिशी आल्यापासून चमचे दोन केलेत.

दादा


५ मार्च

दादा,

शिशी नाही. शिसं.

शिसं रे. बॅटरीत असतं ते. मासे धरायच्या जाळ्याला वजन म्हणून बांधतात ते. तुझ्या तेलात शिसं आहे, पुष्कळ आहे, आणि मी फोनवर ओरडून तेच सांगत होते. तेलात शिसं आहे, खारूताईला तेल देऊ नको. तू हो हो म्हणालास आणि मी मूर्खासारखी निश्चिंत झाले. मनाशी म्हणत होते, माझा भाऊ बघा, एका शब्दानं ऐकलं. आज ट्रकवाल्यानं शिश्या आणून ठेवल्या आणि तुझं पत्र दिलं. दोन चमचे!

हे पत्र हातात पडताच चमचा बंद कर. नुसता चमचा नाही. घरात शिजतं-तळतं ते सगळं तेल बंद. डब्यातलं, शिशीतलं, टाकीतलं, कुठलंही. मोठ्या माणसाचं शरीर थोडंफार सहन करतं, मीही डब्यातलं थोडं घरी नेऊन दोन वर्षं तेच खातेय. पोरांचं सहन करत नाही. पोटदुखी, ओकाऱ्या, रक्त कमी, चिडचिड, शिकलेलं विसरणं, हे सगळं शिशाचं आहे. जंताचं नाही. तिला मोठ्या दवाखान्यात ने आणि डॉक्टरला एवढंच सांग, रक्तातलं शिसं तपासा.

कसं सापडलं ते ऐक. सगळं बदलून झालं तरी आकडे सुधरेनात. मग फक्त ॲसिड आणि पाणी लावलं आणि शेजारी तुझं कोरं तेल लावलं. ॲसिडचा आकडा जवळजवळ शून्य आणि तुझा डोंगराएवढा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ॲसिडचा आकडा आम्ही पूर्वीही काढायचो, पण दोन्ही शेजारी ठेवून बघायला कोणाचा हात गेला नाही. कोऱ्या तेलाचा आकडा चढत गेला तेव्हा आम्ही यंत्राला शिव्या दिल्या. घरचं तेल, त्याला काय होणार! चार वर्षांपूर्वी एकदा तपासलं ते तपासलं.

टाकी स्टीलचीच आहे ना? कोणाकडून घेतलीस? आतून कशी दिसते? नखानं ओरखडा उठतो का? लगेच कळव.

दिवसभर फोन लावला. मुनीमजी म्हणतात मालक माल बघायला गेलेत. त्यांना काय सांगू, तुमच्या मालकाच्या तेलात विष आहे? मी स्वतः निघाले असते, पण इथं तुझ्या जुन्या डब्यांतली तेलं एकेक करून लावतेय. पुराव्याशिवाय माझं कोणी ऐकणार नाही. म्हणून पत्र ट्रकवाल्याच्याच हाती देतेय. तो परत निघालाय, दारात उभा आहे.

बारकी


१२ मार्च

बारके,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

टाकी स्टीलची आहे असं मी कधी लिहिलं? काढून बघ माझं पत्र. मी न गंजणारी लिहिलं, आणि ती गंजत नाहीच. ॲसिडचा कारखाना बंद पडला तेव्हा भंगारवाल्यानं तिथली टाकी आणून दिली. बाहेरून लोखंड, आतून राखाडी मऊ पत्र्याचं अस्तर. हो, नखानं ओरखडा उठतो. मी विचारलं होतं त्याला, हे तेलाला चालेल का? तो म्हणाला, "मालक, ज्याला ॲसिड खात नाही त्याला तुमचं तेल काय खाणार?" मला पटलं. तुलाही पटलं असतं.

आता तू मला शिकवतेस. लाखाचं यंत्र समोर घेऊन बसणारी तू. डोळ्यांत तेल घालून तपासते म्हणायचीस ना? मग माझंच तेल डोळ्यांत घातलं होतंस वाटतं. मी वासावर आणि रंगावर तेल ओळखणारा माणूस. शिशाला वास नाही, रंग नाही. तुला दोन वर्षं दिसलं नाही ते मला कुठून दिसणार होतं?

असो. रागानं लिहितोय, मला माहीत आहे.

चमचा त्याच दिवशी बंद केला. वहिनीला सांगितलंय, तू काळजी करू नकोस. पोरगी दोन दिवस बरी खेळली. रक्ताचं हंगाम उरकला की बघतो. आता इथून हललो तर सगळंच बसेल.

तुझ्याकडं एकच मागणं आहे. साहेबांना एवढ्यात काही बोलू नकोस. हंगामाचं सगळं तेल टाकीत आहे. ते खपू दे, मग टाकी मी स्वतः फोडतो, तुझ्यासमोर फोडतो. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं अशी गत माझी करू नकोस. लोकांनी दोन वर्षं खाल्लं, आणखी महिनाभर खाल्लं तर काय आभाळ कोसळणार आहे? घाण्यावर किती घरं चालतात तुला माहीत आहे. तू माझ्या पाठची आहेस. घरातली गोष्ट घरात राहू दे.

दादा


१९ मार्च

दादा,

तुझं पत्र येण्याआधीच मी साहेबांना सांगून बसले होते. नसतं सांगितलं, तर हे पत्र वाचल्यावर सांगितलं असतं.

साहेबांनी दार लावून घेतलं. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "उद्यापासून दुसरं कोरं तेल वापरा. मागचं मागं. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, साहेब, मुठीत काय आहे ते तुम्हाला कळलंय का? तुलाही सांगते, कारण तुलाही कळलेलं नाही.

तुझ्या तेलात जेवढं शिसं होतं तेवढं आम्ही दोन वर्षं प्रत्येकाच्या आकड्यातून वजा करत आलो. म्हणजे जेवढं तुझ्यात, तेवढं प्रत्येकाला माफ. ज्याच्या तेलात शिसं होतं तो शून्यावर आला आणि पास होऊन आमच्या शिक्क्यानिशी बाजारात गेला. शाळांच्या स्वयंपाकघरांत गेला, दवाखान्यांत गेला. आणि शून्याखाली गेलेले, ज्यांना आम्ही सदोष म्हणून हाकललं, तेच तेवढे स्वच्छ होते. त्या म्हाताऱ्या काकांचं तेल मी काल नव्यानं लावलं. नितळ आहे. त्यांची गिरणी आता बंद आहे. नमुना दोनदा परत आल्यामुळं गिऱ्हाइकं तुटली.

भंगारवाला म्हणाला त्यात अर्धं खरं आहे. त्या ॲसिडमध्ये शिशावर एक साय धरते आणि ती साय आतल्या शिशाला वाचवते. तेलात साय धरत नाही. तेलाला स्वतःचा आंबटपणा असतो, आणि महिना-महिना कोमट ठेवलं की ते हळूहळू शिसं ओढत राहतं. तू गाळ बसायची वाट बघत होतास. जेवढी जास्त वाट बघितलीस तेवढं जास्त विष उतरलं.

मी साहेबांच्या वरच्यांना लेखी कळवलं, माझ्या सहीनं. पुढच्या आठवड्यात निरीक्षक येतील, टाकीला सील लावतील, तेल जप्त करतील. घाण्याला टाळं बहिणीनं लावलं असं तू म्हणशील. म्हण. खरंच आहे ते. माझी नोकरी राहील असं वाटत नाही, पण त्याचं तुला सांगून काय करू? तुझ्यावर जे आलंय त्यापुढं ते फार लहान आहे.

महिनाभर खाल्लं तर काय होईल असं विचारतोस. तुझ्या घरात बघ काय झालं ते. हंगाम उरकल्यावर रक्त तपासतो म्हणजे काय? दादा, मी तुझ्या पाया पडते. आज ने. वहिनीला म्हणावं मला एक ओळ तरी लिही. तिच्या हातची ओळ आल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर यायचा नाही.

बारकी


४ एप्रिल

वन्सं,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. तुमची पत्रं यायची, हे मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि मला वाटायचं मलाही सगळं कळलं. जेवढं दाखवायचं तेवढंच ते दाखवायचे, हे आता कळलं.

निरीक्षक आले त्या दिवशी मी त्यांना पाणी दिलं. दोघं होते. घाण्याचं काम झाल्यावर एक जण म्हणाला, घरात वापरता ते तेलही दाखवा. मी म्हटलं, आमच्या घरात दुसरं कुठलं असणार, टाकीतलंच आहे. कढई चुलीवर होती. त्यानं कढईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला कोणी सांगितलं नाही?" मी यांच्याकडं बघितलं. हे भिंतीकडं बघत होते.

मला यांनी सांगितलं होतं की चमचा बंद कर, पोरीला उष्ण पडतंय. एवढंच. बारकीनं लिहिलंय का विचारलं तर हो म्हणाले. कढईचं काही बोलले नाहीत. म्हणून चमचा बंद झाला आणि कढई चालूच राहिली. उलट पोरगी खात नाही म्हणून मी तिला आवडतं ते जास्त तळून देत होते. निरीक्षक गेल्यावर मी विचारलं, का लपवलंत? तर म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू गल्लीभर सांगितलं असतंस." खरं आहे. सांगितलं असतं. शेजारच्या बाळंतिणीला तर आधी सांगितलं असतं.

त्यानंतर दोन दिवसांनी तिला झटका आला. जेवता जेवता डोळे फिरले, दातखीळ बसली, अंग ताठ झालं. यांनी तिला उचललं आणि चपला न घालता धावत सुटले. मोठ्या दवाखान्यात मी तुमचं वाक्य सांगितलं, रक्तातलं शिसं तपासा. तुमच्या पत्रातलं हे वाक्य यांनी रिक्षात पहिल्यांदा मला सांगितलं. आकडा आला तो बघून डॉक्टरांनी पुन्हा रक्त काढलं. त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. यंत्र चांगलं होतं.

औषध शिरेतून दिलं. त्यानं रक्तातलं शिसं बाहेर निघतं म्हणे, आणि निघतंय. परवा घरी आणलं. जेवते, झोपते, पोट दुखत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, आता पहिल्यासारखी होईल ना? ते म्हणाले, "रक्तातलं आम्ही काढतो. डोक्यात जे व्हायचं ते होऊन गेलं, ते आम्हाला काढता येत नाही." फार सावकाश सांगितलं त्यांनी, चांगला माणूस आहे. मला आई म्हणते. पाणी म्हणते. तुम्ही पाठवलेली चित्रांची पुस्तकं समोर धरली की पान उलटते, पण काही बोलत नाही. तिची बडबड ऐकून माझं डोकं उठायचं, मीच तिला गप्प बस म्हणायची.

हे दिवसभर टाळं लावलेल्या घाण्यासमोर बसतात. गल्लीतली माणसं येऊन बोलून जातात, काही शिव्या देऊन जातात. सगळ्यांच्याच घरात पोरं आहेत. घाणा बंद झाला की यांना जरा ऐकू येईल असं मला वाटलं होतं. येत नाही. आलं तरी ऐकतील असं नाही.

ते म्हणाले, बारकीला लिही, आमचा तिच्यावर राग नाही. त्यांचा नसेल, माझा आहे. तुम्ही सही करून देते म्हणालात आणि मी त्या सहीवर माझ्या पोरीचं नाक दाबलं. पत्र पाठवलंत, पण तुम्ही स्वतः आला नाहीत. डबे तपासत बसलात. यांच्यावर राग आहे तो तर सांगायलाच नको. आणि पाजणारा हात माझा होता, त्याच्यावर सगळ्यांत जास्त आहे. पण डॉक्टर असंही म्हणाले की आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर पोरगी हाती लागली नसती. टाळं लागलं म्हणून ती जिवंत आहे. टाळं तुम्ही लावलंत. हेही लिहायला हवं, म्हणून लिहिलं.

आता एक विचारायचं आहे. घरातलं सगळं तेल मी निरीक्षकांच्या हवाली केलं, तेव्हापासून नुसतं उकडून घातलं. पण डॉक्टर म्हणाले पोरीचं वजन वाढायला हवं, थोडं तेल पोटात जाऊ द्या. काल तिला कडेवर घेऊन दुकानात गेले. फळीवर हारीनं डबे लावलेत, पिवळे, लाल, हिरवे. एकेक उतरवून बघितला. प्रत्येकावर तुमच्या ऑफिसचा शिक्का, तपासून प्रमाणित. माझ्या मागं गिऱ्हाइकं उभी होती. दुकानदार म्हणाला, वहिनी, कोणतं देऊ?

मी म्हटलं, नणंदेला विचारून सांगते.

तर कळवा.

तुमची
वहिनी